आमच्या घरातली चौथी व्यक्ती

माणसानं घरात टेपरेकॉर्डर जरूर ठेवावा, पण त्याच्याबद्दल आदरार्थी बहुवचनात बोलू नये. हे शहाणपण मला छप्पन्नाव्या वर्षी आलं, आणि येता येता ते आमचं राहतं घर घेऊन जाणार होतं.

आमचे बुवा म्हणजे गाऊन प्रवचन करणारे एक सत्पुरुष. ते देवाघरी गेले त्याला बारा वर्षं झाली. त्याच वर्षी त्यांच्या एकोणीस कॅसेटी आमच्याकडे आल्या, आणि तेव्हापासून रोज सकाळी सहाच्या ठोक्याला त्यातली एक लागते. बुवा आधी समजावतात, मग गातात, मग रागावतात, आणि रागावल्याचं स्वतःलाच वाईट वाटून पुन्हा गातात. आमच्या घरात 'कॅसेट लाव' असं कोणी म्हणत नाही. 'बुवांना बसवा' म्हणतात. आवाज घरघरला की 'बुवांचा घसा धरलाय', फीत गुंतली की 'बुवांना अडकल्यासारखं झालंय'. माझी आत्या एक्याऐंशी वर्षांची आहे. तिला कमी ऐकू येतं, म्हणून बुवा आमच्याकडे जरा मोठ्यानंच असतात. सुरू होण्यापूर्वी ती त्यांच्या स्टुलावर भांडंभर पाणी ठेवते. तासभर गायचं म्हणजे घशाला कोरड पडणारच, असं तिचं म्हणणं. मी एकदा तिला यंत्र म्हणजे काय ते समजावून सांगायला गेलो. ती म्हणाली, "मला कळतं रे, यंत्र आहे ते. पण पाणी ठेवायला आपलं काय जातं?" जात काहीच नाही, हे खरं. शिवाय संध्याकाळपर्यंत भांड्यातलं पाणी थोडं कमी होतं, हे मी पाहिलेलं आहे. मुलगी म्हणते, वाफ होते. होत असेल. मी वाद घालत नाही.

बुवांवर धूळ बसू नये म्हणून एक जुनी शाल आहे. ती 'बुवांची शाल'. ती मागच्या खोलीत एका खिळ्याला अडकवलेली असते. हा खिळा मी ठोकलेला नाही. आमच्या सरकारी वसाहतीच्या अटींमध्ये 'भिंतीत खिळे ठोकू नयेत' अशी सतरावी अट आहे, आणि मी अटी पाळणारा माणूस आहे. नऊ वर्षांपूर्वी एका सकाळी हा खिळा शेजारच्या बाजूच्या भिंतीतून आपला आपण उगवला, टोक पुढे करून. घरात कोणी ठोकला नाही म्हटल्यावर आत्यानं ती बुवांची कृपा ठरवली. बायकोनं कृपेच्या टोकाला बाटलीचं बूच लावलं आणि तिच्यावर शाल अडकवली. संसारी माणसाकडे कृपा आली की तिला पहिल्यांदा काहीतरी अडकवायचं काम मिळतं.

इतका पूर्वरंग पुरे. आता मूळ विषय, म्हणजे फेरपडताळणी.

सरकारी घरं स्वस्त असतात, म्हणून ती योग्य माणसाकडेच आहेत की नाही हे दर पाच वर्षांनी तपासतात. घरात किती माणसं आहेत, त्यांची मिळकत काय, त्यांनी अटी पाळल्या का, आणि सगळ्यात शेवटी, घराची अवस्था काय. हा शेवटचा रकाना इतका शेवटी असतो की तिथवर पोहोचेपर्यंत तपासणाऱ्याची शाई संपते. आमचं घर दोन खोल्यांचं. नियम असा की दोन खोल्यांसाठी घरात किमान चार माणसं हवीत. मागच्या खेपेला आम्ही चार होतो. मधल्या काळात मुलगी नोकरीसाठी परगावी गेली. मूल मार्गाला लागलं की आईबापांना आनंद होतो, वसाहत कार्यालयाला वजाबाकी दिसते. उरलो मी, बायको आणि आत्या. तीन माणसांना नव्या इमारतीत पाचव्या मजल्यावर एक खोली मिळते. त्या इमारतीत लिफ्टसाठी जागा आहे, लिफ्ट नाही.

आत्याचे गुडघे गेली सहा वर्षं फक्त सपाट जमिनीला ओळखतात. रोज दुपारी चारला ती काठी टेकत अंगणातल्या बाकावर जाऊन बसते. तिथं तिच्या वयाच्या आणखी तिघी येतात, आणि चौघी मिळून वसाहतीतल्या सगळ्यांची फेरपडताळणी करतात. तेवढंच तिचं जग. पाचव्या मजल्याचं ऐकल्यावर ती म्हणाली, "मला तिथं एकदाच चढवावं लागेल. तिथून पुढं वर जायला जिना लागत नाही." आणि हसली. आम्हाला दोघांना हसू आलं नाही.

फेरपडताळणीचा अर्ज भरायला आल्याची बातमी वसाहतीत पसरायला वेळ लागला नाही. सल्ला ही एकच गोष्ट आमच्याकडे सर्वांना परवडते. वरच्या मजल्यावर 'वकील' राहतात. ते वकील नाहीत, पण तरुणपणी एका खटल्यात साक्षीदार होते, तेव्हापासून त्यांना कायदा चढलेला आहे. त्यांनी सांगितलं, मुलीचं नाव खुशाल लिहा, ती परगावी आहे हे कार्यालयाला काय स्वप्न पडणार? समोरच्या शिंपीणबाई म्हणाल्या, पाहणीच्या दिवशी माझा भाचा नेऊन बसवा, त्याला नुसतं बसून राहायची सवय आहे. मी दोन्ही सल्ले नम्रपणे परत केले. मी सरकारी छापखान्यात मुद्रितशोधक आहे. एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढून पोट भरलं. आपल्याच अर्जात जाणूनबुजून चूक घालायची, हे धंद्याला धरून नाही. शिवाय रोज सकाळी सहाला बुवांसमोर बसायचं असतं. मी स्वच्छ अक्षरात लिहिलं, व्यक्ती तीन. 'याखेरीज आणखी कोणी राहते काय?' यापुढे लिहिलं, नाही. आणि पुढे देवाची इच्छा.

देवाची इच्छा पुढच्या मंगळवारी पाहणी अधिकाऱ्याच्या रूपानं आली. मी छापखान्यात होतो, बायको भाजी आणायला गेली होती, घरात आत्या एकटी. काय बोलणं झालं ते आत्यानं मला संध्याकाळी मोठ्या कौतुकानं सांगितलं.

"माणसं किती, आजी?" असं त्या गृहस्थांनी विचारलं.

"तिघं. आणि बुवा."

"बुवा कोण?"

"अहो, बुवा. सकाळी सहाला सुरू होतात ते."

"इथंच राहतात?"

"मग जातील कुठं? बारा वर्षं झाली."

"झोपतात कुठं?"

"कपाटात. उंदरांची भीती, म्हणून बाहेरून कडी लावतो."

यात आत्याचं एकही वाक्य खोटं नव्हतं, हे मी इथे नमूद करून ठेवतो. अधिकाऱ्यांनी स्टूल पाहिलं, पाण्याचं भांडं पाहिलं, शाल पाहिली, ती कोणाची हे विचारलं, आणि खातरजमा करायला शेजारी गेले. आमच्या भिंतीला भिंत लागून घड्याळवाले काका राहतात. घड्याळं दुरुस्त करतात, एकटेच असतात, आणि काटेकोर बोलतात. ते म्हणाले, बुवा राहतात म्हणजे काय, त्यांच्यावर तर मी घड्याळं लावतो. मी इथं आल्यापासून नऊ वर्षांत एक दिवस उशीर नाही. गेल्या वर्षी दोन दिवस आवाज बसला होता, तेवढाच खंड.

पंधरा दिवसांनी एकाच दिवशी दोन पत्रं आली. पहिलं टेबल क्रमांक चारकडून होतं. त्यातलं मुख्य वाक्य मला तोंडपाठ आहे, कारण ते व्याकरणदृष्ट्या निर्दोष होतं : 'अर्जदाराने बुवा नामक इसमास बारा वर्षांपासून विनापरवाना घरात ठेवले असून सदर इसमास रात्री कपाटात कडी लावून कोंडले जाते व केवळ पाणी दिले जाते.' त्या इसमाला घेऊन हजर व्हावं, नाहीतर घराचा हक्क रद्द होईल. दुसरं पत्र टेबल क्रमांक सातकडून. त्यात लिहिलं होतं की आपल्या घरात केवळ तीन व्यक्ती असल्यामुळे आपण दोन खोल्यांस अपात्र आहात, सबब पाचव्या मजल्यावर जावे.

मी रजा टाकून कार्यालयात गेलो. टेबल चारवर आम्ही चार होतो, टेबल सातवर तीन. मध्ये फक्त दोन टेबलं आणि एक पाण्याचं पिंप होतं, तेवढ्या अंतरात एक माणूस नाहीसा होत होता. मी चारला म्हटलं, सातला विचारा. चार म्हणाले, ती फाइल वेगळी. सातला म्हटलं, चारला विचारा. सात म्हणाले, ते साहेब आणि आम्ही बोलत नाही. मग मी चारला खरं काय ते समजावून सांगितलं. चारनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हे सगळं लेखी द्या. बुवा हे यंत्र आहे असं लिहिलंत तर यंत्राची पावती जोडा. बुवा वारले असं लिहिलंत तर मृत्यूचा दाखला जोडा. दोन्ही लिहू नका, घोळ होतो."

परत येतो तो आमच्या पायरीवर सभा भरलेली. वकिलांच्या चेहऱ्यावर साक्षात्काराचं तेज होतं. त्यांचं म्हणणं, देव देतो तेव्हा छप्पर फाडून देतो. चौथा माणूस हवा होता, तो कार्यालयानंच शोधून दिला, वर शिक्का मारून. आता नाही कशाला म्हणता? बुवा तुमचे थोरले चुलतभाऊ, प्रकृतीनं नाजूक, लोकांसमोर येत नाहीत. एका सहीत दोन्ही पत्रं निकालात. शिंपीणबाईंनी कपाटाऐवजी खाट दाखवावी एवढी दुरुस्ती सुचवली. घड्याळवाले काका मात्र एका बाजूला मान खाली घालून उभे होते. आपल्या साक्षीमुळे हे झालं, ही गोष्ट त्यांच्या मनाला लागली होती. मी त्यांना काही बोललो नाही. भिंतीला भिंत असलेल्या माणसाशी भांडून कुठं जाणार?

खरं सांगतो, मी डळमळलो. बायको सल्ला देत नाही, ती फक्त वस्तुस्थिती मांडते. ती म्हणाली, "तुम्ही काय ते ठरवा. मी आज त्या इमारतीचा जिना मोजून आले. चौऱ्याऐंशी पायऱ्या आहेत." पुढचा सगळा दिवस मी छापखान्यात चौऱ्याऐंशी पायऱ्या चढत होतो. त्या दिवशी माझ्या हातून एका शासकीय पत्रकात 'जनहित'चं 'जनहीत' तसंच गेलं. एकतीस वर्षांत पहिल्यांदा. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला कॅसेट हातात घेतली, तर बुवांना बसवायची छाती होईना. त्यांच्याच नावावर खोटं बोलून त्यांचंच ऐकायचं कसं? आत्या बाजूला पाण्याचं भांडं घेऊन उभी होती. तिला ऐकू कमी येतं, पण कळतं जास्त. ती म्हणाली, "माझ्या गुडघ्यांसाठी त्यांना खोटं बोलायला लावू नकोस. बारा वर्षं नुसत्या पाण्यावर राहिलेत ते."

विषय संपला. त्या सकाळी बुवा नऊ मिनिटं उशिरा सुरू झाले, आणि भिंतीपलीकडे काकांची अकरा घड्याळं चुकली.

मी खरं उत्तर लिहायला बसलो. दोन पानी, मुद्देसूद. पण शेवटी शेवटी माझ्यातला मुद्रितशोधक दमला आणि माणूस बोलू लागला. मी लिहिलं, 'एकूण हा सर्व प्रकार आम्हाला तरी काही समजत नाही बुवा.' आता, कार्यालयाच्या शिक्क्यासाठी खाली डावीकडे जागा सोडायची असते. ओळ 'नाही'पाशी संपली. उरलेला एक शब्द खाली, उजवीकडे, एकटाच जाऊन बसला. माझी सही पाठच्या बाजूला. पाठची बाजू कोण बघतो?

आठवड्यानं टेबल चारचं उत्तर आलं : 'सदर इसमाने स्वतःच्या सहीने निवेदन सादर केले असून, त्यात आपणास काही समजत नसल्याचे मान्य केले आहे. सबब सुनावणीस त्यास सोबत आणावे.'

दुसऱ्यांची ओळ तुटली तर लाल शाईनं खूण करणाऱ्या माणसाची ही गत. छापखान्यात मी हे कोणालाही सांगितलं नाही. सांगण्यासारखं दुःख वेगळं आणि लपवण्यासारखं वेगळं असतं.

सुनावणीच्या दिवशी आम्ही सगळेच निघालो. मी, बायको, काठी घेऊन आत्या, साक्षीदार म्हणून घड्याळवाले काका, आणि शालीत गुंडाळलेले बुवा. पाण्याचं भांडं आत्यानं स्वतः पिशवीत घेतलं होतं. सुनावणीची खोली तळमजल्यावर होती, हे त्या दिवशीचं पहिलं पुण्य. दाराबाहेर पंचवीसएक अर्जदार आपापली कागदपत्रं पोटाशी धरून बसलेले. आत सुनावणी अधिकारी म्हणून एक बाई होत्या, चष्म्यावरून बघणाऱ्या. डावीकडे टेबल चार, उजवीकडे टेबल सात, दोघांची तोंडं दोन दिशांना.

बाईंनी कागद चाळले आणि विचारलं, "बुवा आलेत?"

"आलेत की," आत्या म्हणाली.

बाईंनी आमच्या मागे पाहिलं, दाराकडे पाहिलं, मग घड्याळवाल्या काकांकडे जरा संशयानं पाहिलं. मी पुढे झालो, टेपरेकॉर्डर टेबलावर ठेवला आणि शाल काढली. आत्यानं शेजारी पाणी ठेवलं. बाईंनी चष्म्यावरून आधी यंत्र पाहिलं, मग भांडं. मग म्हणाल्या, "हे?" मी म्हटलं, हेच. त्यांनी सांगितलं, सुरू करा.

माझा बेत चौथी कॅसेट लावायचा होता. तीत बुवा अतिशय शांत आहेत, फुलपाखरांबद्दल बोलतात. पण गडबडीत बायकोनं अकरावी घातली होती. अकरावीत बुवा पहिल्या मिनिटापासून रागावलेले. बटण दाबलं, आणि सरकारी खोलीत आवाज घुमला :

"अरे, घर घर काय करतोस? घर तुझं आहे का? फुकटचा राहतोस, वर हक्क सांगतोस?"

बाईंनी चष्मा काढला. "हे कोणाला उद्देशून आहे?"

मी म्हटलं, जीवाला. देहाच्या घराबद्दल आहे. टेबल चार मात्र लिहू लागले होते. ते म्हणाले, "बाई, ही सरळ कबुली आहे." मी बटण बंद करायला गेलो, तर ते अडकलेलं. यंत्र जुनं आहे, बुवा एकदा रागावले की आपण होऊन शांत होईपर्यंत थांबत नाहीत. मी बटणाशी झटापट करतोय, बायको माझा कोट ओढतेय, आणि तेवढ्यात बुवांना रागावल्याचं वाईट वाटलं, आणि ते गायला लागले.

"दोन दिसांचा पाहुणा तू, खिळा कशाला ठोकसी?"

बुवांचा आवाज कसा होता, हे मी लिहून सांगू शकत नाही. मोठा नव्हता. पण गाताना असं वाटायचं की या माणसाला आपलं सगळं माहीत आहे आणि तरी तो आपल्यावर रागावलेला नाही. बाहेरचे अर्जदार एकेक करून दारात येऊन उभे राहिले. आत्या डोळे मिटून मांडीवर ताल धरत होती. बुवा तीच ओळ पुन्हा घेत, मग पुन्हा. तिसऱ्यांदा 'खिळा कशाला ठोकसी' झालं, आणि घड्याळवाले काका उभे राहिले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

"बाई," ते म्हणाले, "तो खिळा मी ठोकलाय."

यंत्र खट् करून थांबलं. बटण आपोआप वर आलं. याचाही अर्थ मी लावत बसत नाही.

काकांनी सगळं सांगितलं. नऊ वर्षांपूर्वी त्यांना भिंतीवर मोठं घड्याळ लावायचं होतं. खिळा तीन इंची. दुसऱ्याच घावाला तो निम्म्याहून जास्त आत गेला आणि पलीकडून बाहेर आला. त्यांना सतरावी अट आठवली, अंगाला घाम फुटला, आणि त्यांनी घाईघाईनं घड्याळ अडकवून गुन्हा झाकला. तेव्हापासून अकरावी कॅसेट लागली की त्यांच्या हातातलं काम बिघडतं. "बुवा भिंतीतून माझ्याशीच बोलतात असं वाटतं," ते म्हणाले. "माझ्या साक्षीनं हे लोक अडचणीत आले. घरातून काढायचं तर मला काढा. मी एकटा आहे, मला पाचवा मजला चालेल. या आजींना खालीच राहू द्या."

नऊ वर्षं आमच्या कृपेचं दुसरं टोक या माणसाच्या काळजात होतं, आणि आम्ही त्यावर शाल अडकवून मोकळे.

बाईंनी मात्र दुसरंच विचारलं. "भिंतीतून तुम्हाला सगळं ऐकू येतं?"

"शब्द न् शब्द. पंखा लावला तरी."

"भिंत आहे तरी किती जाड?"

"सव्वा इंच," काका म्हणाले. घड्याळवाल्याला माप विचारावं लागतं, अंदाज विचारावा लागत नाही. "फळी आहे. दोन्ही बाजूंनी रंग दिलाय, म्हणून भिंतीसारखी दिसते."

फळी हा शब्द ऐकला आणि माझ्या डोक्यात काहीतरी हललं. मुद्रितशोधक अक्षरं वाचतो, मजकूर वाचत नाही. मजकूर वाचायला लागला तर चुका निसटतात. वसाहतीची नियमपुस्तिका आमच्याच छापखान्यात छापली गेली होती, तिची प्रूफं मीच तपासली होती, आणि तीत काय लिहिलंय याचा मला पत्ता नव्हता. पण चुका लक्षात राहतात. एका पानावर जुळाऱ्यानं 'आडोशाने'च्या जागी 'आडमुठ्याने' जुळवलं होतं. त्या दिवशी आम्ही सगळे इतके हसलो होतो की ते पान माझ्या डोळ्यांसमोर उभं राहिलं, वरून खालपर्यंत.

मी उभा राहिलो. गेल्या दोन महिन्यांत पहिल्यांदा माझा आवाज सरळ निघाला. म्हटलं, "बाई, नियमपुस्तिका, पान एकेचाळीस, खालून सहावी ओळ. 'खोली म्हणजे किमान नऊ इंच जाडीच्या चार पक्क्या भिंतींनी बंदिस्त जागा. फळी, पत्रा अथवा तत्सम आडोशाने केलेला भाग खोली धरू नये.' आधी तिथं आडमुठ्याने होतं. मी दुरुस्त केलं."

बाईंनी पुस्तिका उघडली. पान एकेचाळीस, खालून सहावी ओळ. त्यांनी ती मनात वाचली, मग मोठ्यानं वाचली, मग टेबल सातकडे वळून विचारलं की मग यांच्या घरात खोल्या किती? टेबल सात म्हणाले, मागची जागा खोली धरायची नाही म्हटलं तर एक. एका खोलीत किती माणसं राहू शकतात? जास्तीत जास्त तीन. आणि हे किती आहेत? टेबल सातनं आयुष्यात पहिल्यांदा टेबल चारकडे पाहिलं. टेबल चारनं टेपरेकॉर्डरकडे पाहिलं, पाण्याच्या भांड्याकडे पाहिलं, आणि खालच्या आवाजात म्हणाले, तीन.

पाहणी अधिकाऱ्यांना बोलावणं गेलं. त्यांच्या अहवालात घराच्या अवस्थेपुढे लिहिलं होतं, 'भिंती पक्क्या, अवस्था उत्तम.' तुम्ही भिंत पाहिली नाहीत का, असं विचारल्यावर ते म्हणाले, "तिथं शाल होती."

उरला प्रश्न काकांच्या खिळ्याचा. टेबल चारनं शेवटची धडपड म्हणून सतरावी अट काढली. बाई म्हणाल्या, "अट भिंतीत खिळा न ठोकण्याची आहे. ही भिंतच नाही असं आपण आत्ताच ठरवलं. मग खिळा भिंतीत कसा?" आणि काकांकडे वळून म्हणाल्या, "खिळा काढू नका. पुरावा आहे तो." काका मटकन खाली बसले आणि रुमालात तोंड घालून रडले. नऊ वर्षांचा खिळा निघाला होता. आत्यानं बुवांसाठी आणलेलं पाणी त्यांच्यापुढे केलं, म्हणाली, "घ्या. बुवा काही म्हणायचे नाहीत."

आम्ही बाहेर पडलो तेव्हा दारातल्या अर्जदारांनी वाट करून दिली. एक म्हातारे गृहस्थ मला बाजूला घेऊन म्हणाले, आमचीही मागची भिंत वाजवून बघितली पाहिजे. त्या आठवड्यात आख्ख्या वसाहतीत लोक भिंती ठोठावत होते. वकील घरोघरी सांगत होते की फळीचा मुद्दा मूळ त्यांचाच. मी खोडलं नाही. विजयी माणसाला इतकं परवडतं.

लेखी हुकूम महिन्यानं आला. घर कायम. टेबल चारचं आणि टेबल सातचं पत्र, दोन्ही रद्द. शिवाय फळीच्या जागी पक्की भिंत बांधून देण्यात येईल, आपला क्रमांक सहाशे अकरा. मी खुशीत येऊन आत्याला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "भिंत झाली की खोली होईल, आणि खोली झाली की आपण पुन्हा तीनच. तू त्यांना आठवण करून द्यायला जाऊ नकोस." मी गेलेलो नाही. खोटं बोलायचं नाही एवढंच मी ठरवलं होतं, क्रमांक पुढे सरकवण्याचं व्रत घेतलेलं नाही. सध्या चाळिसावी भिंत चालू आहे असं ऐकतो. आवाज कमी झाला की काका पलीकडून फळीवर दोन टकटका मारतात, आणि आत्या बुवांचा आवाज वाढवते. दुपारी चारला ती बाकावर असते.

पण हुकमातलं शेवटचं वाक्य सांगायचं राहिलं. मी सवयीनं लाल पेन घेऊनच ते वाचत होतो. बाईंनी ते स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं. यंत्राबद्दल लिहायचं तर एकवचन पुरे होतं. इसमाबद्दल लिहायचं तर टेबल चार आधीच 'त्यास' लिहून मोकळं झालं होतं. मी ते वाक्य तीनदा वाचलं, पेनचं टोपण लावलं, आणि कागद बुवांच्या स्टुलावर, पाण्याच्या भांड्याखाली नीट ठेवून दिला.

'सबब, बुवा सदर घरात राहत नाहीत.'

नाहीत. सरकारी कागदावर, शिक्क्यासह, आदरार्थी बहुवचन.